कंबरेचं गोंदण आणि पाठीतली सुई

त्या भुलीच्या डॉक्टरांचा चेहरा मी आजही विसरले नाही, आणि विसरणारही नाही. सफारी सूट, हातात काळी पेटी, आणि उल्हासनगरातल्या चार प्रसूतिगृहांत स्कूटरवरून फिरायची घाई. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हा शिकलेला होता, सभ्य होता, आणि माझ्या बहिणीच्या उघड्या पाठीकडे बघून त्याने नाक मुरडलं. पुढे जे झालं त्याचा दोष आमच्या घरात भलत्याच माणसाच्या माथी बसला, म्हणून हे सांगायला बसले आहे.

आधी पाठीचं सांगते. आमची वाडी बारवी धरणाच्या अंगाला, बदलापूरपासून बरीच आत. थोडं भात पिकायचं, बाकी जंगलातल्या मोळ्या. मोळी डोक्यावर घेऊन पोरी डोंगर उतरायच्या, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षीच कंबर धरायची. त्यावर आमच्याकडे एक औषध होतं. सुगी संपली की गोंदणारी बाई वाडीत यायची. कपाळावर, हातावर गोंदतात ती हौस, चारचौघांना दाखवायची. कंबरेवरचं गोंदण वेगळं. ते कुणाला दिसत नाही, दिसावं म्हणून करतच नाहीत. दुखरी कंबर असेल तिथे मणक्याच्या दोन्ही अंगांना ठिपके टोचायचे. आत अडकलेली कळ सुईच्या भोकातून बाहेर पडते, आणि पुढे बाळंतपणातही कंबर साथ देते, असं आमच्या बाया मानायच्या.

आम्हा दोघी बहिणींचं गोंदण एकाच दिवशी झालं. मी मोठी, ती माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. गोंदायची काजळी बाळंतिणीच्या दुधात कालवावी लागते, म्हणून आय शेजारच्या घरी वाटी घेऊन गेली होती. आय म्हणजे आमची आई. तिनेच आम्हाला पालथं घालून धरलं. मी हातपाय झाडले, शिव्या दिल्या, गोंदणाऱ्या बाईच्या मांडीला चावले. बहीण मुकाट्याने पडून राहिली. ती पहिल्यापासून तशीच, तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणारी. गोंदणाऱ्या बाईने एक मात्र सांभाळलं. मधली चार बोटं जागा तिने कोरी ठेवली. मणक्यावर सुई घालायची नाही, तिथं जीव असतो, असं ती म्हणाली. अंगठा उठवायची ती बाई, पण आपण काय टोचतोय आणि कुठे टोचतोय एवढी अक्कल तिला होती.

गुण आला का? माझी कंबर दुखायची राहिली. गोंदणाने राहिली की महिनाभर आयने मोळी उचलू दिली नाही म्हणून राहिली, देव जाणे. पण आयने ते आमचं दुखू नये म्हणून केलं होतं, एवढं लक्षात ठेवा. आता बदलापूरच्या पार्लरात मुली कंबरेवर फुलपाखरं काढून घेतात आणि ते दिसावं म्हणून आखूड टॉप घालतात. त्यांची फॅशन, आणि आमचा अडाणीपणा. बरं आहे.

माझं लग्न होऊन मी अंबरनाथला आले. नवरा कारखान्यात, आणि पूर्वेला पालेगावच्या वाटेवर आमची एक खोली. बहिणीला दिलं वांगणीच्या पलीकडच्या वाडीत. तिचं पहिलं बाळंतपण तिकडेच झालं. दोन दिवस आणि दोन रात्री कळा. सुईण म्हणाली होईल, सासू म्हणाली होईल, तिसऱ्या दिवशी जीप मिळाली तेव्हा तिला बदलापूरला आणलं. बाळ आधीच गेलं होतं. मुलगा होता. मी पोचले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून निजली होती आणि दोन्ही हातांनी तिने कंबर घट्ट आवळून धरली होती. त्यानंतर वर्षभर ती कुणाच्या बारशाला गेली नाही.

पुन्हा दिवस गेले तेव्हा तिने नवऱ्याच्याही आधी मला निरोप धाडला. मी गेले तर ही चुलीपुढे बसलेली. बाळ होईल की नाही ह्याची भीती तिला होतीच, पण त्याहून मोठी भीती त्या कळांची होती. हे बाईने बोलायचं नसतं. बाळासाठी मरायला तयार आहे म्हटलं की सगळे वाहवा करतात, आणि मला दुखण्याची भीती वाटते म्हटलं की नाक मुरडतात. ती मला एवढंच म्हणाली, "ताय, ते परत नाय व्हायचं माझ्यानं. त्यापेक्षा विहीर बरी."

मी तेव्हा उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात शिलाईच्या मशीनवर होते. शेठ सिंधी, त्यांची सून आमच्यात येऊन बसायची, आम्ही तिला भाभी म्हणायचो. तिचं नुकतंच बाळंतपण झालेलं. तिने हिंदीतून सांगितलं होतं की पाठीत एक सुई देतात, मग कळा येतात पण दुखत नाही, ती तर शेवटपर्यंत सासूशी गप्पा मारत होती. आम्ही सगळ्या हसलो होतो, आम्हाला वाटलं मोठ्या घरच्या बाईचे चोचले. बहिणीचं ऐकल्यावर मी दुसऱ्याच दिवशी भाभीकडून त्या प्रसूतिगृहाचा पत्ता घेतला. तिथल्या बाई डॉक्टरांना भेटले. त्या म्हणाल्या, हो, देतात, भुलीचे डॉक्टर बाहेरून बोलवावे लागतात, आधी सांगून ठेवा. मी सांगून ठेवलं. पैशाची सोय केली. आणि बहिणीला अंबरनाथला माझ्याकडे आणून तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, की ह्या वेळी तुला दुखणार नाही. शब्द दिला. ती त्या महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवायला लागली. शेजारणींना सांगायची, माझी ताय हाय ना, तिने सुईचं बोलून ठेवलंय.

पहाटे तिला कळा सुरू झाल्या. रिक्षा करून आम्ही उल्हासनगरला पोचलो, मी, आय आणि बहिणीचा नवरा. बहीण रिक्षात कळ आली की माझं मनगट धरायची, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. बाई डॉक्टरांनी तपासलं, म्हणाल्या अजून वेळ आहे, भुलीच्या डॉक्टरांना फोन केलाय. नऊच्या सुमाराला ते आले. मला सोबत राहू दिलं होतं. बहिणीला टेबलावर बसवलं, पोटाशी उशी, पाठीचा बाक करायला सांगितला. तिने केला. कळ चालू असताना केला, बिचारीने. त्यांनी गाऊन बाजूला सारला आणि हात मागे घेतला.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं, आणि तेही तिला नाही, सिस्टरला.

सिस्टर म्हणाली गोंदण आहे. ते म्हणाले, अशा पाठीत मी सुई घालणार नाही. कुठल्या घाणीने टोचलंय कुणास ठाऊक, आत काही गेलं तर जबाबदार कोण. मी पुढे झाले. मी सांगितलं की डॉक्टर, मधली जागा कोरी आहे, मणक्यावर एकही ठिपका नाही, चार बोटं जागा आहे, नीट बघा. माप घेणं हा माझा धंदा आहे, चार बोटं म्हणजे चार बोटं. त्यांनी बघितलं नाही. पेटीचं झाकण लावता लावता ते जे बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं.

"हे गोंदून घेतलं तेव्हा भूल मागितली होती का? ह्या लोकांना सवय असते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सवय. कसली सवय हो? चौदा-पंधरा वर्षं जुने ठिपके, तेही लहान पोरीला धरून केलेले, म्हणजे तिला दुखणं सहन करायचा परवानाच मिळाला जणू. बरं, तुम्हाला खरंच धोका वाटत होता तर तसं सांगा, वाकून बघा, दोन शब्द तिच्याशी बोला. शाई आत जाईल ही शंका असेलही खरी, मी डॉक्टर नाही. पण शंका असलेला माणूस आधी बघतो. ह्यांनी बघितलंच नाही. आणि ती अजूनही बाक काढून बसली होती, सुईची वाट बघत. कुणीतरी तिला सांगावं म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते. शेवटी मीच तिचे खांदे धरून तिला आडवं केलं.

मी बाई डॉक्टरांच्या मागे गेले. त्या म्हणाल्या, त्यांचा निर्णय असतो, मी त्यात पडू शकत नाही, आणि अहो, सगळ्याच बाया करतात की, तुम्ही नाही का झालात बाळंत? मी म्हटलं दुसरे डॉक्टर बोलवा. त्या म्हणाल्या दुसरे कल्याणला असतात, ते येईपर्यंत हिची सुटका होऊन जाईल. बहिणीच्या नवऱ्याला विचारलं तर तो हात जोडून उभा. साधा माणूस, डॉक्टर म्हणतील तसं, असं म्हणाला. त्याच्यावर मी तेव्हा चिडले, आता चिडत नाही. त्याला उभ्या आयुष्यात कुणी खुर्चीवर बसायला सांगितलं नव्हतं, तो सफारीवाल्याला काय जाब विचारणार?

आणि आय. ती बाहेर बाकावर होती. सिस्टरने तिला सांगितलं, आजी, त्या गोंदणामुळे सुई देता येत नाही. बस, एवढंच. त्या सिस्टरच्या लेखी ते एक वाक्य होतं, सांगून ती डब्यातला कापूस काढायला निघून गेली. आयने आपले दोन्ही तळवे पदराखाली घेतले.

नऊपासून चार. मी ते तास सांगत बसणार नाही, ज्यांनी काढलेत त्यांना ठाऊक आहेत. मी तिची कंबर दाबत होते, ठिपक्यांवर माझे अंगठे. दुपारी बारापर्यंत ती गप्प होती. मग ती ओरडायला लागली आणि सिस्टर म्हणाली, आवाज नको, शेजारी पेशंट आहेत. दोनच्या सुमाराला आय आत आली, तिच्या तोंडावरून हात फिरवायला गेली, आणि माझी ती मुकी बहीण, जिने जन्मात कुणाला उलट उत्तर केलं नाही, ती आयचा हात झटकून म्हणाली, "तूच केलंस हे. तूच धरलं होतंस मला. हात झडले असते तुझे तर बरं झालं असतं."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. पण बोललेलं परत जातंय थोडंच. आय तशीच उलट्या पावली बाहेर गेली.

चारला बाळाचे ठोके कमी व्हायला लागले. एकदम धावपळ. बाई डॉक्टर म्हणाल्या सिझर करावं लागेल, आत्ताच्या आत्ता. तिच्या नवऱ्याचा अंगठा घेतला, माझी सही घेतली. भुलीचे डॉक्टर पुन्हा आले, त्याच स्कूटरवरून. आम्हाला बाहेर काढलं. पाऊण तासाने सिस्टरने येऊन सांगितलं की मुलगी झाली, रडली, दोघी बऱ्या आहेत. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. देवाला हात जोडले. तेव्हा माझ्या मनात त्या डॉक्टरांविषयी काही नव्हतं, खरं सांगते. जीव वाचले की माणूस सगळं माफ करतो.

मग तिला खाटेवर आणलं. मी तिच्या डोक्याखाली उशी सरकवायला गेले तर सिस्टर धावली. उशी द्यायची नाही, डोकं उचलू द्यायचं नाही, पाठीत सुई दिलीय, नाहीतर डोकं दुखेल.

मी विचारलं, कशात दिलीय?

पाठीत, ती म्हणाली. सिझरला पाठीतच देतात.

बहिणीला जरा कुशीवर केलं आणि गाऊन वर केला. कापसाचा बोळा, त्यावर चिकटपट्टी. दोन्हीकडे ठिपके आणि बरोबर मधोमध, चार बोटांच्या कोऱ्या जागेत, ती पट्टी. सकाळी घाण होती, जबाबदारी होती, सवय होती. चार वाजता ती पाठ एकदम धुतल्या तांदळासारखी झाली होती. उद्या कुणी शहाणा मला सांगेल की ते औषध वेगळं, मात्रा वेगळी, सिझरला जीवावर बेतलेलं असतं तेव्हा धोका पत्करावा लागतो. सगळं मान्य. पण पाठ तीच होती ना? आणि ती तशी सकाळी नऊला कुणी बघितली असती तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बघायला आले. मी खाटेपुढे आडवीच उभी राहिले. विचारलं, काल सकाळी ह्या पाठीत सुई चालत नव्हती, संध्याकाळी कशी चालली? त्यांना राग नाही आला. खरंच नाही आला, ते समजुतीने बोलले, आणि तेच मला जास्त लागलं.

"ऑपरेशनला द्यावीच लागते. सकाळी काय, नुसत्या कळा होत्या."

नुसत्या कळा. विहीर बरी म्हणणाऱ्या पोरीच्या सात तासांना ह्यांच्याकडे हा शब्द होता. कापायचं असेल तर ती हलता कामा नये, म्हणून सुई. ती नुसती तळमळत असेल तर तळमळू दे, त्याने त्यांच्या कामात काय अडतं? गोंदण हे निमित्त होतं. पाठ बघायला वाकायची तसदी नको होती, आणि ती कुणाची पाठ आहे हे एका नजरेत कळलं होतं. भाभीच्या सासूच्या हनुवटीवर तीन ठिपके होते, सिंधमधून आणलेले. ती त्याच प्रसूतिगृहात आली की तिला खुर्ची मिळायची. हे सगळं मला तोंडावर बोलायचं होतं. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात आय मधे आली, खाली वाकली, आणि तिने डॉक्टरांच्या पायांना हात लावला. माझ्या पोरीला वाचवलंत, म्हणाली. ते बरं बरं म्हणत निघून गेले. मला त्या क्षणी आयचा इतका राग आला की मी तिच्याकडे बघूही शकले नाही.

दुपारी बहिणीने मला जवळ बोलावलं. तिला बोलायला त्रास होत होता. म्हणाली, संध्याकाळी सुई टोचली आणि दुखणं असं गेलं की मला वाटलं मी मेले. मग तिने विचारलं, "ताय, ही सकाळचीच सुई होती का?"

खोटं बोलता आलं असतं. लोक म्हणतील बाळंतिणीला असलं सांगू नये. का सांगू नये? सोसलं तिने, मग खरं ऐकायचा हक्क दुसऱ्या कुणाचा? मी सांगितलं, सुई वेगळी असेल, जागा तीच होती, सकाळीही देता आली असती. आयचा काही दोष नव्हता. बहीण म्हणाली, आयला आत बोलव.

आय आली. बहिणीने तिचा हात धरला, आदल्या दिवशी झटकलेला हात, आणि सांगितलं की आय, गोंदणामुळे काही नव्हतं अडलं, मी उगाच बोलले. मीही सांगितलं, पट्टी दाखवली, मधली कोरी जागा दाखवली. आयने सगळं ऐकून घेतलं. मग आम्हालाच समजावल्यासारखी म्हणाली, "डॉक्टर शिकलेला मानूस गो. तो कशाला खोटं बोलंल?"

आम्ही दोघी लेकी खरं सांगत होतो, आणि तिने त्याचं खरं धरलं. त्याने तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं, तरी त्याचं.

दहा दिवसांनी बाळंतिणीला आणि बाळाला माझ्या खोलीवर आणलं. आय मोरीत पाटावर बसायची, पाय लांब करून त्यावर नातीला घ्यायची, कोमट तेल. हात चोळायची, पाय चोळायची, पोटावर गोल गोल हात फिरवायची, गाणं म्हणायची. मग तिला पालथी करायची, आणि तिचे हात थांबायचे.

"ये बाय," मला हाक मारायची. "पाठ तू चोळ."

पहिल्या दिवशी मला कळलं नाही, मी हातातलं काम टाकून आले. दुसऱ्या दिवशी कळलं. सव्वा महिना ती राहिली, रोज नातीला न्हाऊ घातलं, आणि एक दिवसही त्या कोऱ्या पाठीला तिने हात लावला नाही.